हौशी तिरंदाजी शूटमध्ये गुण कसे नोंदवावेत? कार्ड, रेषेवरचे बाण, बाउन्सर, एकत्र निकाल

नवी_प्रत्यंचा

नमस्कार मंडळी,

आमचा एक हौशी गट आहे. दर महिन्याला छोटं शूट असतं. साधारण २० जण, ५ टार्गेट, एकेका टार्गेटवर चौघं. बरेचसे रिकर्व्हवाले (टोकं पुढे वळलेलं धनुष्य), काही कंपाउंडवाले (चाकं लावलेलं), काही बेअरबोवाले (नेम धरायचं साधन नसलेलं) आणि दर वेळी दोनचार अगदी नवे. अंतर १८ मीटर, फेस (टार्गेटवरचा वर्तुळांचा कागद) ४० सेंटिमीटरचा, ३ बाणांच्या १० फेऱ्या, म्हणजे ३०० पैकी गुण. पंच कुणी नसतो.

बाण मारण्यात वेळ जात नाही, गुण लिहिण्यात जातो. चौघंही एकदम आपापले आकडे सांगतात, लिहिणारा गोंधळतो, तोवर कुणीतरी बाण काढायला सुरुवात केलेली असते आणि मग तो आठ होता की नऊ यावर चर्चा. शेवटी दोन कार्डांच्या बेरजा जुळत नाहीत ते वेगळंच.

टार्गेटपाशी नेमका क्रम काय ठेवावा? रेषेला लागलेला बाण आणि आदळून खाली पडलेला बाण यांचा निर्णय पंचाशिवाय कसा करायचा? आणि वेगवेगळी धनुष्यं, वेगवेगळी तयारी असलेल्यांचा एकच निकाल लावायचा असेल तर हँडिकॅप (कमी तयारीच्यांना द्यायचे जादा गुण) कसा काढावा? कागद ठेवावा की सरळ मोबाइलवर नोंद करावी, हेही सांगा.

तीन_शिट्ट्या

तुमचे निम्मे प्रश्न एका नियमानं सुटतील. त्या टार्गेटवरच्या चौघांचेही सगळे बाण लिहून, ताडून आणि भोकांवर खुणा करून होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. ना बाणाला, ना फेसला, ना मागच्या गादीला. शाफ्ट (बाणाची काडी) बोटानं जरा ढकलला तरी कागदावरची त्याची कड सरकते आणि रेषेला लागलेला बाण सुटल्यासारखा दिसतो. बाण काढला की पुरावाच गेला. कागदातलं भोक मिटतं किंवा फाटतं, ते शाफ्टच्या जाडीइतकं कधीच राहत नाही. म्हणून बाण काढल्यावर भोकाकडे बघून केलेली चर्चा फुकट असते, ती होऊच देऊ नका.

आता क्रम. फेरी संपल्याच्या तीन शिट्ट्या झाल्या की सगळ्यांनी चालत जायचं आणि टार्गेटच्या बाजूला उभं राहायचं. नॉकच्या (बाणाच्या मागच्या खाचेच्या) रेषेत समोर कुणी वाकायचं नाही, डोळ्याला इजा होते ती तिथेच. चौघांची कामं आधीच ठरलेली हवीत. प्रत्येकाची दोन कार्डं, म्हणून दोघं लिहिणार, एक सगळ्यांच्या पहिल्या कार्डांवर आणि दुसरा दुसऱ्या कार्डांवर. तिसरा खुणांचं पेन धरणार. ज्याचे बाण तोच आकडे सांगणार, बाकीचे तिघं बघणार. लिहिणाऱ्याचे स्वतःचे बाण आले तरी आकडे त्यानेच सांगायचे, पण बाकीच्यांनी त्या वेळी जास्त लक्ष द्यायचं. कामांची अदलाबदल दर फेरीला करू नका, पाच फेऱ्या झाल्यावर एकदाच करा. दर वेळी हात बदलला की एकाच कार्डावर चार तऱ्हांचे आकडे येतात आणि चुका वाढतात.

आकडे मोठ्याकडून लहानाकडे सांगायचे: "एक्स, नऊ, सात." प्रत्येक बाणाच्या नॉककडे बोट दाखवायचं, शिवायचं नाही. लिहिणाऱ्यानं तोच आकडा मोठ्यानं परत म्हणायचा. उतरत्या क्रमाचा फायदा असा की दोन कार्डं शेजारी धरली की चूक चटकन दिसते, आणि चुकलेला बाण नेहमी शेवटच्या चौकटीत येतो. चुकलेल्या बाणाला एम लिहा. चौकट रिकामी ठेवू नका, रिकाम्या चौकटीत नंतर काहीही बसू शकतं. आतलं छोटं वर्तुळ म्हणजे एक्स, त्याचे गुण १०च, पण एक्स वेगळा लिहायचा कारण बरोबरी सोडवताना तो लागतो.

मग दोन्ही लिहिणाऱ्यांनी फेरीची बेरीज आणि चालू बेरीज एकमेकांना ऐकवायची. "चोवीस, एकूण एकशे त्रेचाळीस." "बरोबर." हे प्रत्येक माणसासाठी, प्रत्येक फेरीला. जुळलं नाही तर बाण अजून समोर आहेत, पुन्हा मोजता येतात. हे शेवटी एकदम करायला गेलात तर दहा फेऱ्यांमधली चूक शोधावी लागते.

खाडाखोडीचा नियम कडक ठेवा. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, आणि त्या टार्गेटवरच्या सगळ्यांची आद्याक्षरं. तेही बाण काढण्याआधी. आकड्यावर आकडा गिरवायचा नाही. आणि मराठी आकडे लिहायचे की इंग्रजी, ते सगळ्या गटासाठी एकच ठरवा. घाईत लिहिलेला मराठी ४ दुसऱ्याला इंग्रजी आठसारखा वाटतो आणि मराठी १ इंग्रजी नवासारखा. एकाच कार्डावर दोन्ही आले की संध्याकाळी बेरीज करणारा हमखास फसतो.

यानंतर खुणा, आणि मग बाण काढणं. काढताना एका वेळी एकच माणूस. एक हात फेसवर सपाट, दुसऱ्या हातानं शाफ्ट गादीजवळ धरून सरळ ओढायचा. हरवलेला बाण शोधायला मागे जायचं ते सगळ्यात शेवटी, गुण लिहून झाल्यावर.

अजून दोन गोष्टी ठरवून टाका. तीनच्या फेरीत कुणी चार बाण मारले तर सगळ्यात कमी किमतीचे तीन धरायचे. आणि दुसऱ्याच्या फेसवर गेलेला बाण म्हणजे एम, कितीही छान दहात असला तरी. बाण ओळखता यावेत म्हणून प्रत्येकाच्या शाफ्टवर आद्याक्षरं आणि त्याच्या त्या दिवशीच्या सगळ्या बाणांना एकाच रंगाची पिसं आणि नॉक. एकाच टार्गेटवर दोघांचे बाण सारखे दिसत असतील तर एकानं नॉकजवळ रंगीत टेप लावावी.

टार्गेटवर माणसं निदान तीन ठेवा. दोघांत मतभेद झाला तर तो सुटतच नाही.

काठावरचा_बाण

वरचा क्रम उत्तम आहे. मी रेषा आणि बाउन्सर या दोनच गोष्टींवर लिहितो.

दोन पट्ट्यांमधली रेषा ही जास्त गुणांच्या पट्ट्याचा भाग असते. शाफ्टची कड त्या रेषेला नुसती टेकली तरी वरचा आकडा. बाणाचा मध्य कुठे आहे हा प्रश्नच नाही, आणि नव्या मंडळींचा घोळ इथेच होतो. जागतिक नियमांत शाफ्टचा व्यास जास्तीत जास्त ९.३ मिलिमीटर चालतो. शेजारी ५.५ मिलिमीटरचा बारीक बाण असेल आणि दोन्ही बाणांचे मध्य अगदी एकाच ठिकाणी लागले असतील, तर जाड बाणाची कड सुमारे १.९ मिलिमीटर पुढे पोचते. ४० सेंटिमीटरच्या फेसवर एक पट्टा २ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे हा फरक पट्ट्याच्या जवळजवळ दहाव्या हिश्शाइतका आहे. बंदिस्त जागेत लोक जाड शाफ्ट वापरतात ते यासाठीच. ते नियमात बसतं, त्यावर कुरकूर नको.

बघायची पद्धत अशी. शाफ्ट कागदात जिथे शिरतो, तिथेच बघायचं. मागच्या नॉककडून अंदाज घ्यायचा नाही, कारण बाण बहुतेक वेळा थोडा तिरका असतो. आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, डोळा फेसच्या जवळ आणून. रेषा आणि शाफ्ट यांच्यामध्ये खालच्या पट्ट्याचा रंग बारीक धाग्याइतका तरी दिसतोय का, एवढंच शोधायचं. दिसला तर खालचा आकडा, नाही दिसला तर वरचा. एक छोटं भिंग आणि बंदिस्त जागेत एक छोटा टॉर्च प्रत्येक टार्गेटला हवा. टॉर्च बाजूनं धरा. समोरून धरला तर शाफ्टची सावली नेमकी रेषेवरच पडते.

कागद बाणाबरोबर आत ओढला गेला असेल किंवा तिथे फाटून लोंबत असेल, तर तो हातानं सपाट करायचा नाही. वर्तुळाचा शाबूत भाग दोन्ही बाजूंनी बघून रेषा तिथून कशी गेली असती ते मनात जुळवायचं. हे वारंवार करावं लागत असेल तर फेस बदलायची वेळ झाली. पिवळ्या भागात भोकंच भोकं झालेल्या फेसवर रेषेचा निर्णय देणं म्हणजे अंदाज. काटकसर करायची तर फक्त मधला भाग नवा चिकटवा, पण वर्तुळं नीट जुळवून.

निर्णय कुणी द्यायचा? टार्गेटवरच्या इतरांनी बघून सांगावं, बहुमत चालेल. तरीही अडलं तर आधीच नेमलेला एक जण येतो, दोन्ही बाजूंनी बघतो आणि आकडा सांगतो, त्यानंतर वाद नाही. त्यालाही ठरवता येत नसेल तर वरचा आकडा द्यावा. त्या माणसाचे स्वतःचे बाण अडले तर त्यासाठी दुसरा कुणी नेमून ठेवा.

बाउन्सर. बाण फेसवर आदळून खाली पडला किंवा आरपार गेला, तर त्याचे गुण त्याच्या भोकावरून मिळतात. पण ते भोक ओळखायचं कसं? बाकीच्या सगळ्या भोकांवर आधी खुणा असतील तरच. म्हणून खुणा प्रत्येक फेरीला, प्रत्येक बाणाला. शाफ्ट शिरतो तिथे काटकोनात दोन छोट्या रेघा, प्रत्येकी ४-५ मिलिमीटर, टोकं शाफ्टला टेकलेली. लांब रेघा ओढू नका, त्या पुढच्या फेरीत वर्तुळाच्या रेषेवर येतात. पातळ टोकाचं पेन घ्या, जाड मार्करची शाई कागदात पसरते. मारणाऱ्यानं बाण पडल्याचं तेव्हाच शेजाऱ्याला सांगावं, उरलेले बाण मारावेत, फेरी संपल्यावर सगळ्यांनी मिळून बिनखुणेचं भोक शोधावं. एकच सापडलं तर त्याचा आकडा. एकाहून जास्त सापडली तर त्यातला कमीत कमी. एकही नाही सापडलं तर एम.

बाण पडतात का तेही बघा. एका जागी सतत मारून गादी दगडासारखी झाली असेल, किंवा फेसची पिन गादीबाहेर डोकावत असेल, तर बाण उसळतो. आरपार जातात ते गादीचा मध्य मऊ पडल्यामुळे. बाउन्सर वाढले की गादी फिरवा किंवा फेस थोडा वरखाली लावा.

दुसऱ्याच्या नॉकमध्ये घुसून अडकलेल्या बाणाला खालच्या बाणाइतकेच गुण. दुसऱ्या बाणावर आदळून उसळला आणि तो फुटलेला नॉक ओळखता आला, तर तेव्हाही तेच. पण घासून दिशा बदलून फेसवर दुसरीकडे लागला, तर जिथे लागला तिथले गुण.

बेरीज_वजाबाकी

बेरजांबद्दल.

तोंडी बेरीज करताना गुण मिळवण्यापेक्षा गेलेले गुण मोजा. तीन बाणांचे पूर्ण ३०. १०, ८, ७ म्हणजे गेले शून्य, दोन, तीन, एकूण ५, बेरीज २५. सहा बाणांच्या फेरीतही तसंच. एक्स, १०, ९, ९, ७, एम म्हणजे गेले ०, ०, १, १, ३, १०, एकूण १५, म्हणून ६० मधून १५ जाऊन ४५. चांगल्या तिरंदाजांच्या बाबतीत हे फार भराभर होतं. एम म्हणजे दहा गेले, एवढं मात्र विसरायचं नाही.

शेवटी एकदा उलट तपासणी करा. कार्डावर दहा किती (एक्स धरून), नऊ किती, आठ किती, असं मोजून गुणाकारांची बेरीज घ्या. बाणांची संख्या ३० भरते का ते आपोआप कळतं, आणि बेरीज चालू बेरजेशी जुळायला हवी. दोन कार्डांतला फरक ९ च्या पटीत आला, तर बहुधा कुणीतरी आकडे उलटसुलट लिहिले आहेत. २६३ चं २३६ झालं की फरक २७. अशा वेळी एकेक बाण तपासण्याआधी चालू बेरजेचा रकाना बघा. फरक बरोबर १० असेल तर हातचा राहिलाय, किंवा एक्सचे गुण धरलेच नाहीत.

तुमच्या अगदी नव्या लोकांसाठी पाच रंगांची मोजणी वापरून बघा: पिवळा ९, लाल ७, निळा ५, काळा ३, पांढरा १. ब्रिटनमधल्या यार्डांत अंतर मोजणाऱ्या जुन्या स्पर्धांमध्ये हीच मोजणी असते. एकाच रंगातली मधली रेषा बघावीच लागत नाही, त्यामुळे रेषेचे वाद निम्म्यानं कमी होतात. शिवाय यात एक फुकटची तपासणी आहे. सगळे आकडे विषम असल्यामुळे लागलेले बाण सम असतील तर बेरीज समच येणार, विषम असतील तर विषमच. तीनपैकी दोन लागले आणि बेरीज १३ लिहिली, तर बेरीज चुकली हे न मोजता कळतं.

कागद की मोबाइल? दोन्ही. एक लिहिणारा कागदावर, दुसरा मोबाइलवर, आणि वाद झाल्यास कागद प्रमाण, कारण त्यावर सह्या असतात. कागद दमट झाला तर बॉलपेन उठत नाही आणि जेलची शाई पसरते. पेन्सिल चालते, मात्र खोडरबर जवळ ठेवायचं नाही, चुकलं तर रेघच मारायची.

स्प्रेडशीटमध्ये नेहमी होणारी गडबड म्हणजे एक्स. चौकटीत अक्षर असेल तर बेरजेचं सूत्र ते सोडून देतं आणि दहा गुण गायब होतात. म्हणून बेरीज अधिक एक्सची संख्या गुणिले दहा, असं सूत्र लिहा. एक्सला ११ लिहायची पळवाट नको, बेरीज फुगते. चौकटीत एक्स, १० ते १ आणि एम इतकंच निवडता येईल अशी यादी लावा. आणि भरलेल्या चौकटी बरोबर ३० आहेत का, हे मोजणारी एक वेगळी चौकट ठेवा. रिकामी चौकट आणि एम दोन्हींची बेरीज शून्यच दिसते, त्यामुळे लिहायचा राहिलेला बाण एरवी सापडत नाही.

हँडिकॅप. सोपा मार्ग: प्रत्येकाच्या शेवटच्या तीन कार्डांची सरासरी काढा, ती ३०० मधून वजा करा, उरलेल्याचे ८० टक्के त्याला द्या. सरासरी १८६ असेल तर तूट ११४, ८० टक्के म्हणजे ९१. सरासरी २६४ असेल तर तूट ३६, हँडिकॅप २९. त्या दिवशीचे गुण अधिक हँडिकॅप, त्यावर क्रम. धनुष्य कुठलंही असो, प्रत्येकाची तुलना त्याच्या नेहमीच्या कामगिरीशी होते.

सरासरीच्या_वर

बेरीज_वजाबाकी यांचं तपासणीचं सगळं पटलं, पण ८० टक्के मला हौशी गटासाठी योग्य वाटत नाही. तुमचंच उदाहरण घेऊ. १८६ वाला आपल्या सरासरीइतका खेळला तर १८६ अधिक ९१, म्हणजे २७७. २६४ वाला सरासरीइतका खेळला तर २९३. म्हणजे दोघंही नेहमीसारखे खेळले तरी पहिला १६ गुणांनी मागे. त्यांच्यातलं अंतर ७८, त्याचा पाचवा हिस्सा तसाच राहतो. पहिल्यानं त्या दिवशी १९५ केले, सरासरीहून ९ जास्त, आणि दुसऱ्यानं २६८, फक्त ४ जास्त. तरीही निकाल २८६ विरुद्ध २९७. ज्यानं जास्त सुधारणा केली तो हरला. दर महिन्याला असंच होणार असेल तर नवी माणसं निकाल बघायलाही थांबणार नाहीत.

पूर्ण १०० टक्के द्यावेत असंही म्हणत नाही. २९० सरासरी असलेला माणूस फार तर १० गुणांनी वर जाऊ शकतो, नवखा एका महिन्यात ४० गुणांनी वर जातो. मग दर वेळी सगळ्यात नवा माणूसच जिंकेल. ९० टक्क्यांवर वरच्या जोडीतलं उरलेलं अंतर आठेक गुणांचं होतं, म्हणजे चांगल्या दिवशी भरून निघण्याजोगं.

टक्क्यांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे हँडिकॅप दर शूटनंतर पुन्हा काढणं. नव्याची सरासरी झपाट्यानं चढते, तीन महिने जुना हँडिकॅप त्याला फुकटचे गुण देतो. आणि सरासरी शेवटच्या तिन्ही कार्डांची न घेता त्यातल्या चांगल्या दोन कार्डांची घ्या. एखाद्या वाईट दिवसामुळे पुढच्या महिन्याचा हँडिकॅप वाढणार नाही. तीन कार्डं पूर्ण होईपर्यंत त्या माणसाचे गुण यादीत दाखवा, पण हँडिकॅपच्या क्रमवारीत घेऊ नका. फेस किंवा अंतर बदललं तर मोजणी नव्यानं. ६० सेंटिमीटरच्या फेसवरची सरासरी ४० च्या फेसला लावता येत नाही, कारण पट्टा २ ऐवजी ३ सेंटिमीटर रुंद असतो. रिकर्व्हवाला एका महिन्यात बेअरबो घेऊन आला तरी तेच, प्रत्येक धनुष्याची सरासरी वेगळी ठेवा.

मूळ गुणांची यादी मात्र धनुष्यनिहाय वेगळीच लावा. कंपाउंड आणि बेअरबो एका रांगेत लावण्यात काही अर्थ नाही. बरोबरी झाली तर आधी दहा कुणाचे जास्त (एक्स धरून), मग एक्स कुणाचे जास्त. तरीही सुटली नाही तर संयुक्त क्रमांक द्या, किंवा वेळ असेल तर प्रत्येकी एक बाण, मध्याच्या जवळचा जिंकला. हँडिकॅपच्या यादीत दहांवरून बरोबरी सोडवू नका, तिथे त्याचा फायदा नेहमी जुन्यालाच मिळतो. तिथे संयुक्त क्रमांकच बरा.

रानवाट

पुढेमागे थ्रीडी (प्राण्यांच्या पुतळ्यांवरचं) किंवा फील्डचं (रानातल्या वाटेवरच्या टार्गेटचं) शूट घेणार असाल तर एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण मैदानातली कार्डं तिथे जशीच्या तशी चालत नाहीत. तिथे गट वेगवेगळ्या टार्गेटवरून सुरुवात करतात. सातव्या टार्गेटवरून निघालेल्या गटातला एक लिहिणारा पहिले गुण पहिल्या ओळीत लिहितो आणि दुसरा लिहिणारा सातव्या ओळीत. दोन्ही कार्डांची बेरीज जुळते, पण एकही ओळ जुळत नाही, आणि चूक शोधायची वेळ आली की काही कळत नाही. कार्डावर ओळींना टार्गेटचे क्रमांक छापा, सुरुवातीच्या ओळीवर गोल करा आणि क्रमांक मोठ्यानं म्हणूनच गुण लिहा. टार्गेट सुटलं असेल तर रिकाम्या ओळीवरून लगेच लक्षात येतं.

जागतिक तिरंदाजी संघटनेच्या थ्रीडी नियमांत ११, १०, ८, ५ असे गुण आहेत, २४ टार्गेटवर प्रत्येकी दोन बाण, कमाल ५२८. शिंगाला किंवा खुराला लागलेला बाण शरीराच्या रंगाला शिवत नसेल तर एम. फील्डच्या फेसवर ६ ते १ गुण, २४ टार्गेट, प्रत्येकी तीन बाण, कमाल ४३२. रेषेचा नियम तोच, शिवला की वरचा आकडा. प्राण्याच्या पुतळ्यावरच्या रेषा मात्र नुसत्या खोबणी असतात, उजेड कमी असेल तर दिसतच नाहीत. छोटा टॉर्च तिथे जास्त लागतो.

नवी_प्रत्यंचा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन कार्डं, मोठ्यानं ताळा, खुणा आणि मगच बाण काढणं, हे या वेळेपासून सुरू करतो. हँडिकॅप ९० टक्के, तीनपैकी चांगल्या दोन कार्डांवर.

दोन शंका राहिल्या. कंपाउंडवाले म्हणतात त्यांचा दहा वेगळा असतो. आणि उभे तीन छोटे फेस वापरले तर एकाच फेसवर दोन बाण लागल्यास काय? शिवाय सगळं करूनही दोन कार्डांत फरक राहिला आणि बाण काढून झाले असतील तर?

तीन_शिट्ट्या

कंपाउंडवाल्यांचं बरोबर आहे. बंदिस्त जागेतल्या १८ मीटरवर त्यांचा दहा म्हणजे फक्त आतलं छोटं वर्तुळ, ४० च्या फेसवर २ सेंटिमीटर व्यासाचं. उरलेल्या पिवळ्याला ९. रिकर्व्ह आणि बेअरबोचा दहा ४ सेंटिमीटर व्यासाचा. एकाच टार्गेटवर दोन्ही असतील तर लिहिणारा हमखास विसरतो, म्हणून कार्डाच्या डोक्यावर धनुष्याचा प्रकार ठळक लिहा. कंपाउंडच्या कार्डावर एक्सचा रकाना काट मारून ठेवा. जमलं तर कंपाउंडवाले एकाच टार्गेटवर आणा, तेवढ्यानं हा प्रश्न राहतच नाही.

उभ्या तीन फेसवर १० ते ६ एवढेच पट्टे असतात, त्याबाहेर गेला की एम. प्रत्येक फेसवर एकच बाण. दोन लागले तर कमी किमतीचा धरायचा आणि दुसरा एम. पहिला बाण कुठल्या फेसवर मारायचा याची सक्ती नाही. अगदी नव्यांना मात्र हे फेस देऊ नका. त्यांचे बरेच बाण पट्ट्यांबाहेर जाऊन सगळीकडे एमच दिसतील. त्यांना ६० चा पूर्ण फेसच चांगला.

दोन कार्डांत बाणाचा आकडा वेगळा असेल आणि बाण काढलेले असतील, तर कमी आकडा. बाणांचे आकडे सारखे आणि फक्त बेरीज वेगळी असेल तर तो हिशेबाचा प्रश्न आहे, पुन्हा बेरीज करून बरोबर ती घ्यायची, त्यात कमी-जास्तचा संबंध नाही. हा नियम पहिला बाण सुटण्याआधी सगळ्यांना वाचून दाखवा आणि कार्डाच्या खाली छापा, सहीच्या अगदी वर. मारणारा आणि लिहिणारा दोघांच्या सह्या झाल्याशिवाय कार्ड स्वीकारायचं नाही, आणि सही झाली की बाणांच्या आकड्यांवर पुन्हा चर्चा नाही.

काठावरचा_बाण

उभ्या फेसबद्दल एक भर. ते लावताना गादीवर दोन माणसांचे फेस पुरेसं अंतर सोडून लावा आणि प्रत्येकाच्या तीन फेसच्या उभ्या पट्टीच्या वर ए, बी, सी, डी लिहा. अक्षर नसेल तर शेजारच्या पट्टीवर मारलेला बाण कुणाचा यावरच निम्मा वेळ जातो, आणि तो एम कुणाच्या कार्डावर लिहायचा हे ठरत नाही. बाउन्सरच्या खुणा इथे जास्त महत्त्वाच्या, कारण तीनही बाण दर फेरीला जवळजवळ त्याच जागी जातात आणि काही फेऱ्यांत मधलं भोक मोठं होतं. मध्यातल्या रेषा दिसेनाशा झाल्या की फेस लगेच बदला, आणि ते दोन फेऱ्यांच्या मध्येच, सगळ्या टार्गेटवरचे गुण लिहून झाल्यावर.